आरएमध्ये नायट्रिक ऑक्साइड वाढवायचं की कमी करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काही चुकीचं कळलं असेल तर लगेच सांगता येईल. मिसेसचं वय ३८, दोन वर्षांपासून आरए (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो ऑटोइम्यून संधिवात), त्याची रक्ततपासणी अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, आठवड्यातून एकदा आरएचं औषध मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम चालू आहे आणि तरीही सकाळी तासभर हात आखडलेले असतात. जिममधल्या मित्राने 'एनओ बूस्टर'चा (एनओ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड) डबा आणून दिला, त्यात बीट पावडर, एल-आर्जिनिन आणि एल-सिट्रुलिन, म्हणाला रक्ताभिसरण सुधारतं, सूज उतरते. डबा उघडायच्या आधी तुम्ही वाचायला बसलात (हे फार बरं केलंत) आणि दुसरीकडे सापडलं की आरएमध्ये नायट्रिक ऑक्साइड आधीच जास्त असतं आणि त्यानेच सांधे खराब होतात. मग घाबरून घरातलं बीट, पालक सगळंच बंद केलंत, आणि आता विचारताय की डबा चालू करायचा का आणि नायट्रिक ऑक्साइडची टेस्ट कुठल्या लॅबमध्ये होते.

थोडक्यात सांगायचं तर डबा बाजूला ठेवा, बीट-पालक परत चालू करा आणि टेस्टवर पैसे घालवू नका. पण तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट नायट्रिक ऑक्साइड नाहीच, ती आहे 'तासभर हात आखडतात'. त्याच्याकडे शेवटी येतो.

मी संधिवाताचा डॉक्टर, बावीस वर्षं हेच करतोय. मिसेसना तपासलेलं नाही, रिपोर्ट बघितलेले नाहीत, त्यामुळे जे बीपी, किडनी आणि चालू गोळ्यांवर अवलंबून आहे ते तिथे तिथे सांगेन.

आता तुम्ही वाचलेले दोन्ही लेख खोटे नाहीत, गोंधळ तिथूनच होतो. नायट्रिक ऑक्साइड हा एक साधा वायू, एक नायट्रोजन एक ऑक्सिजन, शरीरात तयार झाला की काही सेकंदांत संपतो. तो बनवणारी एन्झाइम्स तीन. एक मज्जापेशींत, म्हणजे मेंदू आणि नसांच्या पेशींत, एक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात, त्याला ईनॉस म्हणतात, आणि तिसरं आयनॉस, जे एरवी बहुतेक पेशींत नसतंच, सूज आली की पेशी ते नव्याने तयार करतात. तिघांचा कच्चा माल एकच, आर्जिनिन, आणि त्यातून नायट्रिक ऑक्साइडबरोबर सिट्रुलिन बाहेर पडतं. पहिली दोन कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालतात, इशारा आला की थोडंसं बनवायचं, इशारा गेला की थांबायचं. आयनॉस एकदा तयार झालं की कॅल्शियमला विचारत नाही, तासन् तास, कधी कधी दिवसेंदिवस बनवतच राहतं आणि तेही कित्येक पटींनी जास्त.

मी ओपीडीत असं सांगतो की देवघरातली समईपण पेटलेलीच असते आणि खळ्यातल्या गंजीला लागते तीपण आगच. ईनॉसचं नायट्रिक ऑक्साइड म्हणजे समई, तिच्यामुळे रक्तवाहिन्या सैल राहतात, प्लेटलेट्स एकमेकींना चिकटत नाहीत. १९९८ चं नोबेल ज्या कामाला मिळालं ते हे, आणि डब्यावर 'नोबेल विजेता रेणू' वगैरे छापतात ते याच्याच जोरावर. सांध्यात जे चाललंय ती गंजी. तुम्ही पालक बंद केला म्हणजे समईतलं तेल काढून घेतलंत, गंजीला त्याचा पत्ताही नाही.

गंजी पेटते कशी ते सांगतो, कारण औषधं का चालतात ते त्यातूनच कळतं. आरएमध्ये सांध्याच्या आतलं अस्तर, सायनोव्हियम, सुजून जाड होतं आणि त्यात पांढऱ्या पेशी येऊन ठाण मांडतात. त्या टीएनएफ, इंटरल्युकिन-१ असली रसायनं सोडतात. ही रसायनं अस्तरातल्या पेशींना आणि कूर्चेच्या पेशींना सांगतात की आयनॉस बनवा. मग नायट्रिक ऑक्साइड भरपूर तयार होतं आणि त्याच जागी त्याच वेळी दुसरा एक उपद्व्यापी रेणू सुपरऑक्साइड पण तयार होत असतो. हे दोघं भेटले की पेरॉक्सिनायट्राइट बनतं, आणि खरं नुकसान बरंचसं त्याचं. ते प्रोटीनमधल्या टायरोसिनला जाऊन चिकटतं, त्याच्या खुणा, म्हणजे नायट्रोटायरोसिन, आरएच्या रुग्णांच्या रक्तात आणि सांध्याच्या पाण्यात सापडल्यात. कूर्चेच्या पेशी नवीन कोलॅजन बनवणं कमी करतात, काही मरून जातात. म्हणजे किती बनलं यापेक्षा कुठे बनलं, कोणी बनवलं आणि शेजारी कोण होतं याला जास्त महत्त्व आहे. तोच वायू हाताच्या धमनीत हवाहवासा आणि बोटाच्या सांध्यात नकोसा.

सांध्यातलं पाणी मी गेली बावीस वर्षं काढतोय. चांगल्या गुडघ्यातलं पाणी, म्हणजे थेंबभरच निघतं, ते सुईच्या टोकापासून मधासारखी तार धरून खाली येतं, पिवळसर आणि इतकं स्वच्छ की सिरिंजमागे कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. आरएच्या भडकलेल्या गुडघ्यातून वीस-तीस एमएल सहज येतं, गढूळ, आणि तार धरत नाही, पाण्यासारखं टपटप पडतं. १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशाच पाण्यात नायट्राइट मोजलं, नायट्रिक ऑक्साइड संपल्यावर जे मागे उरतं त्यातलं एक, आणि ते त्याच रुग्णाच्या रक्तातल्यापेक्षा जास्त निघालं, म्हणजे ते सांध्यातच बनत होतं. गंमत म्हणजे झिजेच्या संधिवातातही, म्हणजे वयाने गुडघे जातात त्यातही, ते रक्तापेक्षा जास्तच होतं. म्हणून नुसतं 'वाढलंय' यावरून कुठला आजार ते ओळखता येत नाही.

टेस्टचं म्हणाल तर एक आठवण सांगतो. एमडी करताना आमच्या डिपार्टमेंटला एक छोटा प्रोजेक्ट होता, ल्युपस (आरएसारखाच एक ऑटोइम्यून आजार) आणि आरएच्या रुग्णांचं रक्त घेऊन त्यात नायट्रेट-नायट्राइट मोजायचं. नायट्रिक ऑक्साइड स्वतः सेकंदांत गायब होतं म्हणून ते कोणी थेट मोजत नाही, त्याचं उरलेलं नायट्रेट आधी नायट्राइटमध्ये बदलायचं, मग ग्रीस रिएजंट टाकायचं, की गुलाबी रंग येतो, जितका गडद तितकं जास्त. निरोगी माणसाचं सॅम्पल हवं म्हणून आम्ही रेसिडेंटनीच एकमेकांचं रक्त काढलं, दुपारी मेसमध्ये जेवून आल्यावर. प्लेट बघतो तर सगळ्यात गडद गुलाबी खळगा माझा! शेजारी ल्युपसच्या पेशंट फिकट आणि मी, धडधाकट, एकदम जांभळ्याकडे झुकलेला. सरांनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "आज मेसला काय होतं रे?" पालकाची ताकातली भाजी होती, मी दोनदा घेतली होती.

पालक, मेथी, बीट, मुळा, कोबी यांत नायट्रेट असतं, पालक आणि बीटात तर भरपूर, आणि जेवणानंतर तासा-दोन तासांत रक्तातलं नायट्रेट कित्येक पट वर जातं. त्यामुळे अभ्यासासाठी मोजायचं असेल तर लोकांना आधी नायट्रेट कमी असलेल्या जेवणावर ठेवून उपाशीपोटी रक्त घ्यावं लागतं. त्यातूनही जो आकडा येतो तो सबंध शरीराचा, समई आणि गंजी एकत्र. ल्युपसमध्ये आजार भडकलेला असताना हा आकडा सरासरीने वाढलेला दिसतो, हे खरं, पण शंभर जणांची सरासरी आणि तुमच्या मिसेसचा आजचा एक रिपोर्ट या फार वेगळ्या गोष्टी झाल्या. आरएचा उपचार ठरवण्यासाठी मी ही टेस्ट एकदाही लिहिलेली नाही. काही ठिकाणी श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची टेस्ट मिळते, फेनो म्हणतात, मशीनमध्ये फुंकायचं असतं, ती दम्यासाठी आहे, सांध्यांशी तिचा संबंध नाही.

आता साहजिक प्रश्न, की आयनॉसनेच घात होतो तर ते बंद करणारी गोळी का नाही देत. हा विचार माझ्या विद्यार्थिदशेत जोरात होता. १९९४ मध्ये ल्युपससारखा आजार होणाऱ्या उंदरांना नायट्रिक ऑक्साइड अडवणारं रसायन दिलं तर त्यांच्या किडन्या वाचल्या, सांध्यांची सूज कमी झाली, सगळे खूश. मग त्याच जातीच्या उंदरांत आयनॉसचा जीनच काढून टाकला तर रक्तवाहिन्यांची सूज कमी झाली पण किडनीचा आजार होता तसाच राहिला. आणि मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या (मेंदू-मज्जारज्जूचा ऑटोइम्यून आजार) आजाराच्या उंदरांत जीन काढला तर आजार उलट जास्त झाला! कारण नायट्रिक ऑक्साइड नुसतं जाळत नाही, भडकलेल्या टी-पेशींना आवरण्याचंही काम ते करतं. माणसांत आणखी वाईट अनुभव आला. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग शरीरभर भडकतो तेव्हा, बीपी पडतं ते याच वायूच्या महापुरामुळे, म्हणून तिन्ही एन्झाइम्स अडवणारं औषध देऊन बघितलं, ७९७ रुग्णांची ट्रायल, २००४ ला छापून आली, औषध दिलेल्या गटात मृत्यू जास्त झाले आणि ट्रायल मध्येच थांबवावी लागली. गंजी विझवताना घरातल्या सगळ्या समया विझवल्या, दुसरं काय. नंतर फक्त आयनॉस अडवणारी औषधंही आली, गुडघ्याच्या झिजेत दोन वर्षं देऊन बघितलं, झीज काही थांबली नाही. आरएसाठी असं एकही औषध आज बाजारात नाही.

टीबीचाही मुद्दा आहेच, आपल्याकडे तो विसरून चालत नाही. मॅक्रोफेज पेशी टीबीचे जंतू मारायला हाच वायू वापरतात, उंदरांत हे अगदी स्वच्छ दिसतं, आणि टीबीच्या रुग्णांच्या फुप्फुसातल्या पेशींतही आयनॉस सापडलंय. म्हणून त्याला सरळ खलनायक ठरवणं मला पटत नाही.

मग आम्ही काय करतो, तर नायट्रिक ऑक्साइडला हातच लावत नाही, त्याला पेटवणाऱ्याला पकडतो. टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं दिली की रुग्णांच्या पांढऱ्या पेशींतलं वाढलेलं आयनॉस खाली येतं, हे मोजून दाखवलेलं आहे. स्टेरॉइड तर आयनॉस तयार व्हायच्या पायरीवरच अडवतं. आजार आटोक्यात आला की गंजी आपोआप विझते, आणि समई तशीच तेवत राहते, उलट जास्त नीट, कारण सूज जुनी झाली की रक्तवाहिन्यांचं अस्तरही बिघडतं आणि ईनॉसचं काम मंदावतं. म्हणजे एकाच बाईच्या शरीरात सांध्यात नायट्रिक ऑक्साइड जास्त आणि धमन्यांत कमी, दोन्ही एकाच वेळी. तुमचे दोन लेख एकमेकांच्या विरुद्ध का वाटले ते आता लक्षात येईल, एक सांध्याबद्दल लिहीत होता, दुसरा धमनीबद्दल. आरएमध्ये हार्ट अटॅकचा धोका दीडपटीच्या आसपास धरतात त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि आमच्याच ओपीडीत स्क्लेरोडर्माच्या (त्वचा कडक होत जाणारा ऑटोइम्यून आजार) पेशंट असतात, थंडीत बोटं आधी पांढरी मग निळी पडतात, कधी टोकाला जखमा होतात. तिथे मी स्वतः सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, लिहून देतो, जे नायट्रिक ऑक्साइडचाच निरोप पुढे लांबवतं. मेडिकलवाला विचित्र बघतो, नवरे लाजतात, पण बोटं वाचतात. (हे वाचून कोणी स्वतः घेऊ नका, हृदयासाठी सॉर्बिट्रेट चालू असेल तर दोन्ही मिळून बीपी धोकादायक पडतं.) ऑटोइम्यून आजारात हा वायू वाईटच, असं सरसकट विधान करता येत नाही ते यामुळेच.

डब्याकडे येऊ. एल-आर्जिनिन तोंडाने घेतलं की बराचसा भाग आतडी आणि लिव्हरमध्येच मोडून जातो. पेशींत आर्जिनिन एरवीही पुरेसं असतं, त्यामुळे जास्त ओतलं म्हणून समई मोठी होईल असं नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ जणांवर याची ट्रायल झाली होती, २००६ ला आली, निम्म्यांना आर्जिनिन निम्म्यांना नुसती पावडर. आर्जिनिनच्या गटात ६ मृत्यू, दुसऱ्या गटात शून्य, थांबवली. छोटी ट्रायल आहे, त्यावरून आर्जिनिन विष आहे असं मी म्हणणार नाही, पण ज्या आजारात हृदयाचा धोका आधीच जास्त आणि आयनॉस कच्च्या मालाची वाट बघत बसलेलं, तिथे फायद्याचा पुरावा नसताना हे कशाला घ्यायचं? शिवाय अशा डब्यांत कॅफीन आणि आणखी काय काय मिसळलेलं असतं आणि मेथोट्रेक्सेटमुळे लिव्हरवर आमचं आधीच लक्ष असतं, एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) वाढलं तर कशामुळे हे शोधताना डोकं फिरतं. बीपीच्या गोळ्या घेणारे माझे एक पेशंट असाच डबा घेऊन व्यायामानंतर बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले, मनगट मोडलं, आणि मला डब्याबद्दल कळलं तिसऱ्या व्हिजिटला.

सिट्रुलिनबद्दल एक शंका तुम्ही विचारली नाहीत पण लोक हमखास विचारतात. अँटी-सीसीपीमधलं दुसरं सी म्हणजे सिट्रुलिनेटेड, मग सिट्रुलिन खाल्लं किंवा कलिंगड खाल्लं तर अँटी-सीसीपी वाढेल का? नाही. अँटी-सीसीपी ज्याच्या विरुद्ध असतं ते प्रोटीनच्या साखळीत बसलेलं सिट्रुलिन, ते वेगळीच एन्झाइम्स जागेवर बनवतात. कलिंगडातलं किंवा नायट्रिक ऑक्साइड बनताना सुटलेलं सिट्रुलिन मोकळं असतं, त्याला साखळीत जाऊन बसता येत नाही. कलिंगड खुशाल खा.

बीटाची वाट तर या तिन्ही एन्झाइम्सच्या बाहेरूनच जाते. त्यातलं नायट्रेट रक्तात येतं, काही भाग लाळेत उतरतो, जिभेवरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, ते गिळलं की पोटातल्या आम्लात आणि पुढे रक्तात थोडं नायट्रिक ऑक्साइड होतं. बीपी सरासरीने चार-पाच पॉइंट उतरतं इतपत परिणाम दिसलाय. सांधे सुधारतात असं मी तुम्हाला सांगणार नाही, पण बिघडतात म्हणून कोशिंबीर बंद करायलाही काही आधार नाही. किडनी चांगली असेल तर आठवड्यातून तीन-चारदा बीट, पालक, मेथी आरामात. किडनी स्टोन होऊन गेला असेल तर बीट-पालक बेताने, त्यात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पोटॅशियमसाठी डॉक्टरांना विचारून. आणि मिसेस रोज अँटिसेप्टिक माउथवॉशने खळखळून चुळा भरत असतील तर जिभेवरचे ते उपयोगी जंतूही मरतात, दाताच्या डॉक्टरने सांगितल्याशिवाय रोज नको.

भ्रामरीचा व्हिडिओ पण तुम्हाला कोणीतरी पाठवेलच, म्हणून आत्ताच सांगून टाकतो. गुणगुणताना नाकातून बाहेर येणारं नायट्रिक ऑक्साइड साध्या उच्छ्वासाच्या जवळजवळ १५ पट होतं, २००२ सालचं काम आहे, खरं आहे. ते सायनसमध्ये साठलेलं असतं, कंपनाने बाहेर पडतं. बोटांच्या सांध्यांपर्यंत ते पोचत नाही. मन शांत होतं, झोप लागते, म्हणून भ्रामरी जरूर करा. समई नीट तेवायला खरा उपयोग रोजच्या अर्ध्या तास चालण्याचा, रक्ताचा वेग वाढला की ईनॉस जागं होतं, आणि घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर ती बाहेर.

आता तो सकाळचा तास. दोन वर्षांनंतरही तासभर हात आखडत असतील तर १५ मिलिग्रॅम पुरत नाहीये, किंवा गोळ्या मधून मधून चुकतायत, किंवा मळमळीमुळे त्या स्वतःच कमी घेतायत आणि तुम्हाला सांगत नाहीत (हे फार कॉमन आहे, रागावू नका). आमचं धोरण असं की तीन महिन्यांत सुधारणा दिसली पाहिजे आणि सहा महिन्यांत आजार जवळजवळ शांत, नाहीतर उपचार बदलायचा. मेथोट्रेक्सेट २०-२५ पर्यंत नेता येतं, इंजेक्शनमधून देता येतं, दुसरं औषध जोडता येतं, तरी नाही जमलं तर टीबीची तपासणी करून बायोलॉजिकचा, म्हणजे टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनांसारख्या औषधांचा, विचार. कुठलं ते त्यांचे सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन, सीआरपी बघून आणि किती सांधे सुजलेत ते हाताने दाबूनच ठरतं. आणखी एक मूल हवं असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही, सगळं प्लॅनिंगच बदलतं.

तोवर एक करा. पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत रोज सकाळी हात किती मिनिटांत मोकळे झाले ते कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा, नुसता आकडा, आणि जाताना कॅलेंडर आणि तो डबा दोन्ही बरोबर न्या. बीट परत चालू केल्यावर लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नका, काही जणांना होतं. बीट न खाता दिसली तर मात्र त्याच दिवशी युरिन तपासून घ्या.